कारण विचारायचं नाही

आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीशेजारी एक पिवळं हेल्मेट असतं. कारखान्यात घालतात तसलं, प्लॅस्टिकचं, हनुवटीचा पट्टा तुटलेलं आणि एका बाजूने चांगलंच खरवडलेलं. पहिल्यांदा जेवायला आलेल्या माणसाची नजर आधी त्यावर जाते, मग आमच्यापैकी कुणावर तरी, आणि मग तो बिचारा मुकाट्याने ताटाकडे बघायला लागतो. टेबल पुसताना मी ते उचलते, खालची जागा पुसते आणि होतं तिथेच परत ठेवते. हे माझ्या सासऱ्यांचं हेल्मेट.

सासरे चौतीस वर्षं एकाच कारखान्यात होते, त्यातली एकवीस वर्षं उचल करणाऱ्या टोळीचे मुकादम. बिघडलेले मोठे ट्रान्सफॉर्मर तिथे दुरुस्तीला येत. वीस वीस टनांच्या त्या धुडांना तारेचे दोर बांधायचे, दोर क्रेनच्या हुकात अडकवायचे आणि उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचं, एवढंच टोळीचं काम. माणसं सात, आणि आठवा क्रेनवाला, तो वर केबिनमध्ये. सासऱ्यांची उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. टोळी त्यांना पाठीमागे ‘थांबाजीराव’ म्हणायची. हे त्यांना माहीत होतं, आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

हे नाव पडलं त्यांच्या नियमामुळे. दोर बांधून झाले, हुक अडकला, की सासरे हात वर करून सगळ्यांना थांबवत. मग टोळीकडे पाठ करत आणि मनात दहा आकडे मोजत. तेवढ्यात ज्याला काही शंका असेल त्याने आपलं हेल्मेट काढून जमिनीवर ठेवायचं. सासरे वळले आणि एकही हेल्मेट खाली दिसलं तर उचल बंद. दोर सोडायचे, सगळं पहिल्यापासून तपासायचं. आणि ज्याने हेल्मेट ठेवलं त्याला कुणी, अगदी कुणीही, कारण विचारायचं नाही.

मॅनेजर वैतागायचा. एका वर्षी म्हणे अकरा वेळा उचल थांबली, त्यातल्या नऊ वेळा काहीच निघालं नाही. मॅनेजरने बोलावून घेतलं, नऊ वेळांचा जाब विचारला. सासरे म्हणाले, “उरलेल्या दोन वेळांचं बोला की.” त्या नऊपैकी एकदा एकाने हेल्मेट ठेवलं ते सकाळी बायकोशी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि लक्ष थाऱ्यावर नव्हतं म्हणून. हे त्याने वर्षभराने आपणहून सांगितलं. टोळी पोट धरून हसली, सासरे मात्र हसले नाहीत. “बरोबर केलंस,” एवढंच म्हणाले.

ते का हसले नाहीत, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. सासरे टोळीत येऊन तीनच वर्षं झाली असताना, आधीच्या मुकादमाच्या काळात, एका उचलीला त्यांच्या मनात काहीतरी खटकलं होतं. दोर ठीक होते, गाठी ठीक होत्या. तरीही ते म्हणाले, “काहीतरी बरोबर नाही.” मुकादमाने विचारलं, “काय बरोबर नाही?” त्यांना सांगता येईना. दोनदा विचारलं, दोनदा तोंडातून शब्द फुटला नाही. टोळी हसली, उचल झाली, धूड वर गेल्यावर एका बाजूला कललं आणि घसरलं. त्यांचा जोडीदार खाली होता. त्याचा डावा पाय घोट्यापासून गेला. पुढे तो जोडीदार कारखान्याच्या गेटवर नोंदणीला बसायचा, आणि सासरे रोज येता-जाता त्याच्यापाशी दोन मिनिटं थांबायचे. चूक काय होती ते नंतर चौकशीत सापडलं: उचलण्याआधी ट्रान्सफॉर्मरच्या पोटातलं तेल काढून घ्यायचं असतं, ते पूर्ण काढलेलं नव्हतं, त्यामुळे वजन एका अंगाला होतं. सासऱ्यांनी हात लावला तेव्हा पत्रा एका बाजूने किंचित गार लागला होता. आतलं तेल त्यांच्या तळहाताला कळलं होतं, जिभेपर्यंत पोचलं नव्हतं.

म्हणून तो नियम. माणसाला कळतं आधी आणि सांगता येतं नंतर, मधल्या वेळात त्याला कुणी ‘का’ विचारलं की तो गप्प बसतो. इतकं शहाणपण ज्या माणसाने एका पायाच्या बदल्यात शिकून घेतलं होतं, तो माणूस घरी कसा वागत असेल असं तुम्हाला वाटतं?

घरी हेल्मेट दाराजवळच्या खुंटीला. घरात ते ठरवायचे आणि आम्ही मान डोलवायचो. भिंतींचा रंग, नणंदेचं कॉलेज, माझ्या नवऱ्याने नोकरी बदलायची की नाही, सगळं. आवाज कधी चढवला नाही, त्याची गरजच पडली नाही. त्यांचे बहुतेक निर्णय बरोबर निघत, त्यामुळे तर आणखीच पंचाईत. मी शाळेत गणित शिकवते, तीस तीस पोरांना फळ्यासमोर उभं करून “उत्तर चुकलं तरी चालेल, पण बोला” म्हणते, आणि घरी आले की सासऱ्यांसमोर मूग गिळून बसते. याचा मला राग यायचा. त्यांचा थोडा आणि स्वतःचा जास्त.

सासूबाईंना मात्र कधी राग आलेला मी पाहिला नाही. “तुम्ही म्हणाल तसं” हे त्यांचं पालुपद. चाळीस वर्षं त्या या तीन शब्दांवर संसार करत होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि लिफ्ट नव्हती. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, तपासण्या झाल्या, आणि मोठ्या खटपटीने एका सोमवारची तारीख मिळाली.

त्याआधीच्या बुधवारी सकाळी मी आणि सासूबाई दोघीच स्वयंपाकघरात होतो. त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. मी वळून पाहिलं तर त्या हाताकडे बघत होत्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. काहीतरी बोलायला गेल्या आणि नुसताच ओबडधोबड आवाज आला. गॅसवर दूध तापत होतं. ते उतू जायच्या बेताला आलं तेवढ्यात त्या पुन्हा नीट बोलायला लागल्या होत्या. मी घाबरले. त्यांनी माझं मनगट धरलं.

“कुणाला सांगू नकोस गं. तारीख गेली तर पुन्हा वर्षभर हे जिने आहेत. मला आता नाही सोसवत.”

“अहो पण आई, डॉक्टरांना तरी...”

“झोप झाली नव्हती नीट. बाकी काही नाही. शपथ आहे तुला.”

फुटलेला कप मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी सगळ्यांना बसवून घेतलं. नणंद सासरहून आली होती. सासरे म्हणाले, “उद्या ऑपरेशन करायचंच. मी सगळं बघितलंय. कुणाला काही अडचण असेल तर आत्ता सांगा, पण नीट कारण सांगा.” मग त्यांनी एकेकाकडे पाहिलं. नवरा म्हणाला, ठीक आहे. नणंद म्हणाली, होऊन जाऊ दे. सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तसं.” माझी पाळी आली. माझ्याकडे नीट कारण नव्हतं. एक कप होता आणि एक शपथ होती. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्यात, सासऱ्यांनी ठरवलंय, सासूबाईंना हवंय, मग मी गणिताची बाई कोण लागून गेले? मी म्हणाले, “माझं काही नाही.”

ऑपरेशन छान झालं. मंगळवारी पहाटे सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला.

तरुण डॉक्टरीणबाई वॉर्डाबाहेर आल्या. त्यांनी विचारलं, “आधी कधी हातातली ताकद जाणं, बोलताना जीभ अडखळणं, असं काही झालं होतं का? पेशंटने आम्हाला नाही म्हणून सांगितलं होतं.” सासरे ठामपणे म्हणाले, “नाही. असं काहीसुद्धा नाही. घरातलं सगळं मला माहीत असतं.” मी त्यांच्यामागे दोन पावलांवर होते. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलंही. आणि मी दुसऱ्यांदा गप्प बसले. पहिल्या गप्प बसण्याला माझ्याकडे शपथेचं निमित्त होतं. या दुसऱ्याला काहीही नव्हतं. त्याची लाज मला आजही वाटते.

सासूबाई महिन्याने घरी आल्या. दोघांनी खुर्चीत बसवून जिने चढवून आणलं. उजवी बाजू लुळी. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं. पण बोलण्यातला एकच शब्द मागे राहिला होता, तो म्हणजे ‘हो’. चहा हवा का? हो. नको का? हो. दुखतंय का? हो. आणि लगेच डोळ्यांत पाणी, कारण त्यांना म्हणायचं होतं दुसरंच. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं, कधीकधी एखादाच शब्द उरतो, तो तोंडाला येतो, मनातला असतोच असं नाही. चाळीस वर्षं ज्या बाईने होकाराशिवाय दुसरं काही म्हटलं नाही, तिच्यापाशी नेमका तोच शब्द ठेवून बाकीचे सगळे गेले. मला हे त्या काळात सहन होत नसे, मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासत बसायची.

सासरे कामावर परत गेले त्याच दिवशी भरदुपारी घरी आले. हेल्मेट हातात होतं. त्या दिवशी काय झालं ते क्रेनवाल्याने नंतर सांगितलं. उचल तयार होती. सासऱ्यांनी पाठ केली, दहा मोजले, वळले. एकही हेल्मेट खाली नव्हतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी टोळीवरून एकदा नजर फिरवली आणि मग स्वतःचं हेल्मेट काढून जमिनीवर ठेवलं. मुकादमाचं हेल्मेट खाली आलेलं त्या शेडमध्ये कुणी पाहिलं नव्हतं. कारण कुणीच विचारलं नाही.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. मी पाणी दिलं आणि ग्लास ठेवतानाच बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा जमलं नसतं.

“बाबा, मला माहीत होतं. बुधवारी त्यांच्या हातातून कप पडला होता. बोलताही येत नव्हतं थोडा वेळ. त्यांनी शपथ घातली होती.”

त्यांनी हातातलं हेल्मेट टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, “रविवारी मी काय म्हटलं होतं? शब्दाला शब्द सांग.”

मी सांगितलं. उद्या करायचंच. मी सगळं बघितलंय. अडचण असेल तर सांगा, पण नीट कारण सांगा.

“म्हणजे आधी मी बोललो,” ते म्हणाले. “पाठसुद्धा केली नाही. एकेकाच्या तोंडाकडे बघत बसलो. आणि वर कारण मागितलं.” त्यांनी ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. “कारखान्यात इतकी वर्षं जे कधी केलं नाही, ते सगळं केलं.”

मला वाटलं आता ते म्हणतील, तुझा काही दोष नाही. ते तसं म्हणाले नाहीत. “तू बोलायला हवं होतंस,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तरी. तुझं चुकलंच, सूनबाई. पण मी तुला अशा जागी बसवलं होतं, हेही खरं आहे.” त्यांनी मला माफ केलं असं मी कधी धरून चालले नाही. पण त्या दिवसानंतर आम्ही एकमेकांशी खोटं बोललो नाही.

हेल्मेट खुंटीवर गेलं नाही. संध्याकाळी त्यांनी ते सासूबाईंच्या पलंगावरच्या जेवणाच्या फळीवर, त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं आणि समोर बसले. “हे बघ,” ते म्हणाले, “तुला काही नको असेल तर हे ढकलून द्यायचं. तोंडाने काय येईल ते येऊ दे. मी ऐकणार नाही, मी हे बघणार.” मग विचारलं, “पलंग खिडकीशी हलवू?”

“हो,” सासूबाई म्हणाल्या, आणि डाव्या हाताने हेल्मेट खाली ढकलून दिलं. ते फरशीवर दणदण उड्या मारत कपाटाखाली गेलं. सासरे गुडघे टेकून ते काढत होते आणि सासूबाई हसत होत्या. झटक्यानंतर पहिल्यांदा. खिडकीशी पलंग का नको, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर चार वर्षं या घरात हेल्मेट चाललं. त्या बाईच्या पोटात इतके नकार साठलेले होते याची आम्हाला कल्पना नव्हती. मी केलेल्या सुपाला हेल्मेट खाली. नणंदेने आणलेल्या भडक पडद्यांना खाली. शेजारणीने सुचवलेल्या मालिशवाल्या बाईला खाली, आणि शेजारीण समोर बसलेली असताना. सासऱ्यांनी नोकरी सोडून घरी बसायचं ठरवलं, त्याला तर इतक्या जोरात खाली की पट्टाच तुटला. सासरे दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले. घरात काही ठरवायचं असलं की ते आधी बाकीच्यांना विचारायला लागले, नणंद सगळ्यांत धाकटी म्हणून तिला पहिलं, स्वतः सगळ्यांत शेवटी. आणि सगळ्यांचं बोलून झालं की पलंगाकडे पाठ करून दहा मोजायचे. आपल्या तोंडाकडे बघून तिने ठरवू नये म्हणून.

चौथ्या वर्षाच्या शेवटी सासूबाईंना गिळता येईनासं झालं. पाण्याचा घोटही ठसक्यात जायचा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: पोटात नळी बसवली तर आणखी काही महिने, कदाचित वर्ष. नाही बसवली तर थोडे दिवस, त्रास होणार नाही एवढं बघू. “तुम्ही घरी बोला आणि कळवा.”

आम्ही पलंगाभोवती बसलो. हेल्मेट फळीवर होतं. सासऱ्यांनी नणंदेकडे पाहिलं. ती म्हणाली, “नळी बसवायची. यात विचारायचं काय?” मग मी. या वेळी मला गप्प बसायचं नव्हतं. जे खरंच वाटत होतं तेच बोलले: “बसवायची. मला त्या हव्या आहेत.” नवरा म्हणाला, बसवायची. शेवटी सासरे. “मलाही वाटतं, बसवायची,” ते म्हणाले. चौघांचं एकमत झालं होतं. मग ते पाठ करून उभे राहिले.

दहा मोजून व्हायच्या आतच हेल्मेट पडलं. त्या हातात आता ढकलण्याइतकीही ताकद उरलेली नव्हती. बोटांनी सरकवत सरकवत त्यांनी ते कडेपर्यंत नेलं होतं. आम्ही तिघं बघत होतो, आणि कुणीही ते धरलं नाही.

नणंद रडायला लागली. “आई, का पण? का गं?”

“कारण विचारायचं नाही,” सासरे भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कंटाळून ढकललं असेल तिने, घाबरून ढकललं असेल, आपण काहीतरी चुकीचं समजलो असू, म्हणून. तिन्ही वेळा हेल्मेट खाली आलं. तिसऱ्यांदा सासऱ्यांनी ते उचलून फळीवर ठेवलं. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि अगदी हळू विचारलं, “मग आता दवाखाना नको? इथेच राहायचं, माझ्याजवळ?”

ते उठले, पाठ केली आणि मोजायला लागले. या वेळी मोठ्याने मोजत होते, बहुधा त्यांना ते कळलंही नसावं. सासूबाईंचा डावा हात हेल्मेटपाशीच होता. तो हलला नाही. दहा झाले. सासरे वळले, आधी हेल्मेटकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“हो,” सासूबाई म्हणाल्या.